स्क्रीनवर ११०, डोळ्याला किती? फेको शस्त्रक्रियेतल्या दाबाचं एक प्रकरण

सोलापुरातल्या एका मध्यम आकाराच्या नेत्र रुग्णालयातली ही घटना. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मीच करत होते, त्यामुळे चुकांची यादीही बरीचशी माझीच आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दाबाचं गणित मात्र होतं तसंच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

आमच्याकडे मोतीबिंदूला हंगाम असतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला की कुणी डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला धजत नाही. टाके पिकतात, जखम चिघळते, असं घरोघरी सांगतात. आता बहुतेकांना टाकाच पडत नाही, पण समजूत पक्की आहे. मग दिवाळीनंतर ओपीडी भरू लागते, आणि संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा उरकली की रांगच लागते. "गड्डा (म्हणजे ही यात्रा) झाल्यावर बघू" हे वाक्य मी डिसेंबरभर ऐकत असते.

या बाईही गड्डा झाल्यावरच आल्या. साठी ओलांडलेली, राहायला पूर्व भागात, घरची भाषा तेलुगू. लहानपणापासून विड्या वळत आलेल्या. मांडीवर सूप घेऊन दिवसाचे आठ-आठ तास वाकून बसण्यात चाळीसेक वर्षं गेलेली, आणि त्याचा हिशेब पाठीत उतरलेला: कण्याला चांगलाच बाक होता. उजव्या डोळ्यात पिकत आलेला, तपकिरी झाक असलेला कडक मोतीबिंदू. डाव्यात थोडा कमी. तक्रार एकच, विडीला बांधायचा दोरा दिसत नाही.

बाक लिहून ठेवला होता. पण का लिहिला होता? सरळ झोपता येईल का, श्वास लागेल का, एवढ्याचसाठी. डोळ्यातल्या दाबाशी त्याचा संबंध लागेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या आठवड्यात आणखी एक गोष्ट घडली होती, तिच्याकडेही कुणी लक्ष दिलं नव्हतं. गर्दीमुळे आमच्या नेहमीच्या काचेच्या बीएसएस (डोळ्यात सोडायचं क्षारयुक्त पाणी) बाटल्या संपल्या आणि स्टोअरने प्लास्टिकच्या बाटल्या पाठवल्या. द्रव तोच, ५०० मिली, लेबल व्यवस्थित, मुदत शिल्लक.

दाबाचं गणित, थोडक्यात

ज्यांना हे रोजचं आहे त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.

फेकोत मोतीबिंदू अल्ट्रासाउंडने फोडून सुईवाटे ओढून घेतात. ओढलेल्या द्रवाची जागा त्याच क्षणी वरच्या बाटलीतल्या द्रवाने भरून निघाली पाहिजे. कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक थर) आणि लेन्स यांच्यामधल्या जागेला आम्ही नुसतं 'चेंबर' म्हणतो. त्यात मावतं जेमतेम पाव मिलिलीटर. आमचा पंप मिनिटाला ३२ मिली ओढत होता, म्हणजे सेकंदाला अर्ध्या मिलीहून किंचित जास्त. वरून येणारं पाणी बंद पडलं, तर चेंबर रिकामं व्हायला अर्धा सेकंद पुरतो. आणि चेंबर बसलं की मागचा कॅप्सूल (लेन्सभोवतीच्या पातळ पिशवीची मागची भिंत) पुढे झेपावतो. मध्यावर त्याची जाडी सुमारे ४ मायक्रॉन. समोर असते चालू सुई.

आमचं यंत्र गुरुत्वावर चालणारं. बाटली जितकी उंच, तितका दाब. १३.६ सेंटीमीटर पाण्याचा स्तंभ म्हणजे १० मिलिमीटर पारा. बाटली ९५ सेंटीमीटरवर असेल तर स्थिर दाब सुमारे ७० मिमी पारा. निरोगी डोळ्यात एरवी १० ते २१ असतो, त्यामुळे हा आकडा मोठा वाटतो. पण द्रव वाहू लागला की नळीतल्या आणि सुईभोवतीच्या स्लीव्हमधल्या अडथळ्यामुळे डोळ्यापर्यंत पोचणारा दाब बराच उतरतो.

सगळ्यात नाजूक क्षण तुकडा सुटण्याचा. तुकड्याने सुईचं तोंड बंद केलं की नळीतली ओढ ठरवलेल्या मर्यादेपर्यंत वाढते (आमची मर्यादा ३५० मिमी पारा) आणि नळीच्या भिंती किंचित आत खेचल्या जातात. तुकडा आत शिरला की नळी परत फुगते आणि डोळ्यातला द्रव झपकन ओढून घेते. याला सर्ज म्हणतात. त्या क्षणी बाटलीने उसळून पुरवठा करायला हवा.

अडचण

त्या सकाळी ही चौथी केस. आधीच्या फेकोंमध्येही शेवटच्या तुकड्याला चेंबर किंचित थरथरलं होतं. मी आणि सिस्टर, दोघींनीही ते पाहिलं. "शेवटचा तुकडा आहे, मागे आधार नाही, हलणारच," असं मी म्हणाले. हे स्पष्टीकरण खोटं नाही, पंचाईत तीच आहे. तुकडे संपत आले की कॅप्सूल खरंच सैल पडतो. पण शेवटचा तुकडा येतो तेव्हा बाटलीही बरीच रिकामी झालेली असते, हा योगायोग माझ्या नजरेतून सुटला.

बाईंना सपाट झोपता येईना. डोक्याखाली दोन उशा, त्यावर घडी. पेरीबल्बर भूल (डोळ्याभोवती इंजेक्शनने) दिली. आमच्या एका सिस्टर तेलुगू बोलतात, त्या हात धरून अधूनमधून "अम्मा, कदलकंडी" (हलू नका) म्हणत होत्या, आणि बाई खरोखर दगडासारख्या निश्चल होत्या. उशांमुळे डोळा नेहमीपेक्षा सुमारे ८ सेंटीमीटर वर आला होता. मी स्टूल वर घेतलं, मायक्रोस्कोप वर घेतला. बाटली तिथेच राहिली. स्क्रीनवर ९५ दिसत होतं, कारण स्क्रीनला स्टँड कळतो, उशी कळत नाही.

सुई आत घालायला खाच पाडली, मोतीबिंदूच्या कडक केंद्रकाचे चार भाग केले, तीन सुरळीत निघाले. चौथ्याला सुई लावली, ओढ चढली, तुकडा सुटला आणि चेंबर धप्पकन खाली बसलं. लगेच परत भरलं. पुन्हा तेच.

पहिला निर्णय: बाटली वर

मी बाटली ११० सेंटीमीटरवर नेली. हे हाताच्या सवयीने होतं, विचार नंतर येतो. आमटी कमी पडली की पाणी वाढवायचं, तसं. थोडा वेळ बरं वाटलं. याच 'बरं वाटण्या'ने मला फसवलं, कारण उपाय लागू पडल्यासारखा दिसला आणि कारण शोधायची गरज संपली.

उंची वाढवणं फुकटचं नसतं, हेही इथे सांगायला हवं. ओढ बंद असताना, पाय पेडलच्या पहिल्या टप्प्यावर असताना, डोळ्याला पूर्ण स्थिर दाब सोसावा लागतो. ११० सेंटीमीटरला तो ८० मिमी पाऱ्याच्या घरात जातो. काचबिंदूचा किंवा रक्तपुरवठा अशक्त असलेला डोळा असेल तर एवढा दाब मिनिटभर धरून ठेवणंही मला नको वाटतं.

अर्ध्या मिनिटात चेंबर पुन्हा नाचायला लागलं.

दुसरा निर्णय: थांबले, पण निदान चुकलं

इथे मी थांबले. दुसऱ्या हाताने साइड पोर्टमधून (बाजूच्या छोट्या छेदातून) व्हिस्कोइलॅस्टिक, म्हणजे जागा धरून ठेवणारं घट्ट जेल, भरलं, मग सुई बाहेर काढली. क्रम बरोबर होता: आधी भरायचं, मग काढायचं. उलटं केलं तर चेंबर बसतं आणि नेमका तेव्हाच कॅप्सूल फाटतो.

समोर तीन शक्यता होत्या.

एक, मागून दाब. वाकलेली पाठ, पोट दाबलेलं, त्यात पेरीबल्बर भुलेचं औषध डोळ्यामागे साठलेलं. शिरांमधला दाब वाढून डोळ्याच्या मागच्या भागाने सगळं पुढे ढकललं असणार.

दोन, पुरवठा कमी. बाटली, नळी, दुमडलेली स्लीव्ह, यातलं काहीतरी.

तीन, गळती. साइड पोर्ट गरजेपेक्षा रुंद झाला असेल आणि तिथून पाणी निसटत असेल.

या तिघांमध्ये निवड करायला एक साधी चाचणी आहे, तीन-चार सेकंदांची. डोळ्याला उपकरणाने हलकेच दाबून बघायचं. चेंबर उथळ आणि डोळा कडक, तर दाब मागून येतोय, आणि अशा वेळी बाटली वर नेणं म्हणजे आगीत तेल. मागे रक्तस्राव होत असेल तर ती वेळ फार वाईट असते. चेंबर उथळ आणि डोळा मऊ, तर पाणी पोचत नाही किंवा गळतंय.

मी डोळा दाबून बघितला नाही. ही चाचणी शिकाऊ डॉक्टरांना मीच शिकवते.

बाईंचा बाक समोर दिसत होता, आणि दिसणाऱ्या गोष्टीला कारण ठरवणं सोपं असतं. मागून दाब, हे मी धरून चालले. त्यावरचा पुस्तकी उपाय म्हणजे टेबलाची डोक्याकडची बाजू थोडी वर घ्यायची, शिरांमधला दाब उतरतो. थिएटरमधल्या मदतनीस मामांनी टेबल कलवलं. डोळा आणखी सुमारे ६ सेंटीमीटर वर गेला.

आता बेरीज करा. बाटली १५ सेंटीमीटर वर नेली होती. डोळा आधी ८ आणि आता ६, असा १४ सेंटीमीटर वर गेला होता. स्क्रीनवर ११०. डोळ्याच्या दृष्टीने ९६. एवढा खटाटोप करून मी एरवीच्या आकड्याशी, तेही कागदावर, येऊन पोचले होते. बाटलीच्या आत काय चाललं होतं ते अजून या बेरजेत धरलेलंच नाही.

तिसरा निर्णय: ओढ तशीच ठेवली

मागून दाब असं एकदा मनात बसल्यावर पंपाच्या आकड्यांना हात लावायचं कारण उरलं नाही. ३५० आणि ३२, तसेच. त्याच वेळी ओढ २०० च्या आसपास आणि प्रवाह २० वर आणला असता, तर कारण न समजताही सर्ज बराच सौम्य झाला असता. केसला चार मिनिटं जास्त लागली असती, एवढंच.

दुसराही रस्ता होता: फेको सोडायचं, खाच मोठी करायची आणि उरलेला पाव तुकडा व्हेक्टिसने (चमच्यासारख्या उपकरणाने) बाहेर घ्यायचा. आम्ही वर्षानुवर्षं एसआयसीएस (फेकोशिवाय, हातानेच मोतीबिंदू काढायची पद्धत) केलेली माणसं, हात बसलेला. तरी 'एका तुकड्यासाठी खाच कशाला वाढवायची' हा हिशेब आडवा आला. यादीत अजून तिघं बाकी होते, हेही डोक्यात होतंच. ते मान्य करायला मला दोन दिवस लागले.

सुई परत आत गेली. तुकडा सुटला, चेंबर बसलं, आणि या वेळी कॅप्सूल सुईपर्यंत आला.

फाटल्यावर

हा भाग लवकर उरकते, कारण इथे नेहमीची वाट होती आणि ती आम्ही नीट चाललो. पाय पहिल्या टप्प्यावर ठेवला, साइड पोर्टमधून व्हिस्को, मग सुई बाहेर. खालच्या बाजूला लहान छेद, त्यातून व्हिट्रियस (डोळ्याच्या मागच्या भागातलं जेल) डोकावत होतं. तुकडा व्हिस्कोवर तरंगवत पुढे आणला आणि खाच वाढवून बाहेर काढला, म्हणजे जे पाच मिनिटं आधी टाळलं तेच. बाटली मुद्दाम खाली आणली. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलं ट्रायअ‍ॅमसिनोलोन टाकून व्हिट्रियसचे धागे दिसते केले, पाणी एका पोर्टमधून आणि कटर दुसऱ्यातून, असं व्हिट्रेक्टॉमी करून पुढचा भाग साफ केला. कॅप्सूलचं पुढचं गोल तोंड शाबूत होतं, म्हणून तीन भागांची लेन्स कॅप्सूलच्या पुढच्या खोबणीत, सल्कसमध्ये बसवली, जागा पुढची असल्याने पॉवर एक डायॉप्टरने कमी धरून. एक टाका.

उरलेल्या तिन्ही फेको मी त्या दिवशी केल्या नाहीत.

बाहेर मुलगा होता, यंत्रमागावर काम करणारा. त्याला मी कॅप्सूल फाटला, लेन्स वेगळ्या जागी बसवावी लागली, नजर येईल पण जपावं लागेल, असं सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "म्हंजे ऑपरेशन फेल गेलं का मॅडम?" मी म्हणाले, "फेल नाही. पण व्हायला नको होतं ते झालं, आणि का झालं ते मला अजून कळलेलं नाही. कळलं की सांगेन." सिस्टरने ते तेलुगूत आईला सांगितलं. बाईंनी एवढंच विचारलं, कामाला कधी बसायचं.

संध्याकाळची तपासणी

पहिला संशय माझ्या हातावर, तो मीच घेतला. दुसरा नळीवर. ऑटोक्लेव्ह होऊन होऊन नळ्या सैल पडतात, सैल नळी जास्त आत खेचली जाते, सर्ज वाढतो. नवीन नळी लावून रबराच्या टेस्ट चेंबरवर चालवून पाहिलं. पहिल्यांदा ठीक. जुनी लावली, तीही ठीक. यंत्राच्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, पंपाचं कॅलिब्रेशन करून घेऊ. करून घेतलं, पंप बरोबर होता.

धागा सापडला तो कचऱ्याच्या बादलीत. थिएटर आवरणारा मुलगा म्हणाला, "मॅडम, आज बाटल्या चपट्या झालत्या बघा." सिस्टरने बादलीतून सकाळच्या बाटल्या काढून ओळीने मांडल्या. गालफडं बसल्यासारख्या सगळ्यांच्या बाजू आत ओढलेल्या.

काचेच्या बाटलीला आम्ही न चुकता एअरवे (हवा आत जायची वाट) लावायचो. काच आक्रसत नाही, हवा आत गेली नाही तर पाणी बाहेर येणारच नाही, हे सगळ्यांना ठाऊक. प्लास्टिकची बाटली आल्यावर मदतनिसाने वॉर्डातला नियम लावला: सलाइनच्या प्लास्टिक बाटलीला हवा लागत नाही, ती आपोआप मिटते. वॉर्डात हे चालतं. थेंब-थेंब जाणाऱ्या सलाइनला घाई नसते. इथे मिनिटाला तीसेक मिली लागतात आणि सर्जच्या क्षणी त्याहून जास्त. ही बाटली पिशवीसारखी लुसलुशीत नसते. सुरुवातीला भिंती सहज आत येतात, पण जसजशी ती रिकामी होते तसतशा त्या अडून बसतात आणि आत उणा दाब साठतो. बाटली उंचावर, पण आतून पाण्याला मागे ओढणारी.

आम्ही मोजून पाहिलं. भरलेली बाटली, ९५ सेंटीमीटर, सुई मेजरिंग सिलिंडरमध्ये, मिनिटभर मोकळा प्रवाह. मग तीनशे मिली रिकामी केल्यावर तेच. दुसऱ्या वेळी आलेलं पाणी पहिल्याच्या जेमतेम निम्मं. त्याच बाटलीला फिल्टर असलेला एअरवे लावला, भसाभस बुडबुडे वर गेले, आणि प्रवाह जवळपास मूळपदावर आला. टेस्ट चेंबरवर ताजी बाटली लावून तपासत होतो म्हणूनच नळ्या 'ठीक' निघाल्या होत्या.

सकाळच्या आधीच्या केसेस थरथरण्यावर निभावल्या, कारण त्यांत फक्त बाटलीचा तोटा होता. या बाईंच्या बाबतीत त्यात उशा आल्या, मग कललेलं टेबल आलं, आणि कडक मोतीबिंदूमुळे वेळ जास्त लागून बाटली जास्त रिकामी झाली. यातलं कुठलंही एक एकटं असतं तर कदाचित मी हे लिहायला बसले नसते.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, पहिल्या थरथरीला. दोन केसेसमध्ये एकच गोष्ट दिसली तर ती रुग्णाची नसते, थिएटरची असते. तेव्हा बाटलीकडे एक नजर पुरली असती. पण शस्त्रक्रिया करणाऱ्याचे डोळे मायक्रोस्कोपमध्ये असतात. बाटली बघणं त्याचं काम होऊच शकत नाही, ते बाहेरच्याला नेमून द्यावं लागतं. आम्ही ते कधी नेमून दिलंच नव्हतं.

दुसरं, डोळा दाबून बघणं. त्यावर वर लिहिलं आहे, पुन्हा लिहायला नको.

तिसऱ्या मुद्द्यावर आमच्यात मतभेद आहेत. माझे सहकारी म्हणतात की बाटली वर नेल्याबरोबर ओढही कमी करायची, असा नियमच करावा. मला वाटतं बाटली वर नेणं हेच एक वेळ बंद करावं: चेंबर हललं की आधी ओढ आणि प्रवाह खाली, कारण सापडेपर्यंत बाटलीला हात नाही. ओढ कमी केल्याने कुठल्याही कारणात नुकसान होत नाही. बाटली वर नेण्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

नवं यंत्र घ्यावं, असा विषय विश्वस्तांच्या बैठकीत निघाला. बाटलीच्या उंचीवर न विसंबता पिशवी यांत्रिक पट्ट्यांनी दाबून ठरवलेला दाब राखणारी यंत्रं २०१३ पासून बाजारात आहेत. आधी त्यांचा दाबमापक यंत्रात बसवायच्या पंप-कॅसेटच्या बाजूला असायचा, नंतर तो हातात धरायच्या हँडपीसमध्येही आला. अशा यंत्रावर त्या दिवशीचा गोंधळ बहुधा झाला नसता. तरी मी तेव्हा आग्रह धरला नाही. ज्या थिएटरमध्ये बाटलीला हवा आहे का हे कुणी बघत नाही, तिथे नव्या यंत्रालाही डोळ्याची पातळी कुणी नीट सांगणार नाही.

पुढे काय झालं

दुसऱ्या दिवशी कॉर्निया सुजलेला आणि दाब २८. टिमोलॉलचे थेंब आणि तीन दिवस अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या, आठवड्यात दाब उतरला. पडदा पूर्ण तपासला, कुठे छिद्र नव्हतं. सहा आठवड्यांनी चष्म्यासह नजर ६/९. पडद्यासाठी पुढेही ठरावीक काळाने बोलावत राहिलो, आणि त्या येत राहिल्या. कारण कळल्यावर मुलाला बोलावून सांगितलं, बाटली दाखवूनच. तो बराच वेळ ती हातात धरून दाबून बघत होता.

थिएटरमध्ये तीन बदल झाले. स्टोअरने बाटली बदलली तर पाकीट थिएटरमध्ये येण्याआधी सिस्टरला कळवायचं. स्टँडला शिंप्याची टेप लटकवली आहे: डोकं ठेवून झालं की डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून बाटलीखालच्या ड्रिप चेंबरपर्यंतचं अंतर मोजायचं आणि उंची त्यावरून लावायची. मध्ये टेबल हललं तर परत मोजायचं. आणि खाच पाडण्याआधी पेडल दाबून पाणी सोडायचं, बाहेरच्या माणसाने बाटलीकडे बघून "बुडबुडे आहेत" असं मोठ्याने म्हणायचं. पहिल्या आठवड्यात सगळे हसायचे.

पुढच्या गड्ड्यानंतर बाई डाव्या डोळ्यासाठी आल्या. पाठ तशीच, उशा तशाच. टेपने मोजलं तर डोळा ९ सेंटीमीटर वर भरला, म्हणून स्क्रीनवर १०४ लावलं, ओढ २५० ठेवली. मी मायक्रोस्कोपमध्ये डोळे घातले. "अम्मा, कदलकंडी," सिस्टर म्हणाल्या. मागून मामांचा आवाज आला, "बुडबुडे आहेत मॅडम."